चौथा भाग कुणाकडे आहे?

त्या कादंबरीतले काका मध्येच नाहीसे होतात, यावर मी बराच वेळ बोललो. दुसऱ्या भागापर्यंत हा माणूस घरभर वावरतो, पानाच्या डब्याशिवाय हलत नाही, सगळ्यांच्या भांडणात नाक खुपसतो. आणि शेवटच्या भागात तो नाहीच. कुणी त्याचं नावही काढत नाही. दाराशी त्याची काठी तेवढी उभी. "याला धाडस लागतं," मी म्हणालो. "आपल्याही घरांतून माणसं अशीच नकळत बाजूला होतात. लेखकाने एक शब्द न लिहिता ते सांगितलं." बोलता बोलता मलाच माझं कौतुक वाटू लागलं. समोर सगळे गप्प बसले होते. मला वाटलं, भारावले असतील.

शेवटी दातार वकील खाकरले. "काळे भैया, काका तिसऱ्या भागात वारले."

"वारले?"

"चांगले वारले. आजारपण आहे, वैद्य आहे, दहावं-तेरावं आहे. सगळा तिसरा भाग त्यातच जातो."

मागच्या रांगेत माझी बायको सुनंदा बसली होती. तिने पदर तोंडात धरला होता आणि ती रडत नव्हती.

आता हे झालं कसं, ते सांगायचं तर आमचं दुकान आधी उघडून दाखवायला हवं. मी उज्जैनच्या एका मराठी वाचनालयात ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल हा शब्द मोठा आहे. पुस्तकं द्यायची, परत घ्यायची, पाऊस आला की खिडक्या लावायच्या आणि दर महिन्याला कादंबरी-मंडळाची बैठक भरवायची, हे काम. इथली मराठी घरं दोन तऱ्हेची. काही शिंदेशाहीत कारकुनी करायला आलेल्यांची, जी अजून बोलताना पाठ ताठ ठेवतात. बाकीची बँक, रेल्वे आणि शाळा यांनी आणून टाकलेली. दोन्हींना कादंबरी लागायची. पण मराठी कादंबरी उज्जैनला यायची म्हणजे पुण्याहून पार्सल, नाहीतर इंदूरला जाणाऱ्या माणसाच्या पिशवीतून. प्रत एकच परवडायची. आणि महिन्याभरात ती सगळ्या घरांतून फिरून चर्चेला तयार व्हायची.

म्हणून आम्ही पुस्तक कापायचो.

फ्रीगंजात रशीदभाई नावाचे बाइंडर होते. नवी कोरी कादंबरी त्यांच्याकडे न्यायची. ते पाठीवरचा कागद सोलून, शिवण उसवून तिचे चार भाग करायचे आणि प्रत्येकाला खाकी पुठ्ठा लावून द्यायचे. पहिल्यांदा नेली तेव्हा त्यांनी पुस्तक हातात घेऊन दोनदा उलटंसुलटं केलं. "फटी किताब जोड़ने को तो सब आते हैं, साहब. आप पहले हो जो अच्छी-भली तुड़वाने लाए हो." मग चार भाग एकामागून एक घराघरांतून फिरू लागायचे. एकाने पहिला संपवून पुढच्या घरी द्यायचा, तोवर दुसरा त्याच्याकडे यायचा. ज्यांच्या घरी त्या महिन्याची बैठक, त्यांना प्रत्येक भाग सगळ्यांत आधी मिळायचा. चिवडा त्यांनी करायचा म्हणून एवढा मान.

यात एक गंमत होती. रशीदभाईंना मराठी वाचता यायचं नाही आणि शिवण जिथे सुटेल तिथेच कापावं लागायचं. प्रकरण कुठे संपतं याच्याशी शिवणीला काय देणंघेणं. त्यामुळे आमचे भाग वाक्याच्या मधोमध संपायचे. "तिने थरथरत्या हाताने दार उघडलं आणि" की खाकी पुठ्ठा. पुढचा भाग दुसऱ्या मोहल्ल्यात. मग लोक वाचनालयात फोन करायचे: "दाराबाहेर कोण आहे तेवढं सांगा, बाकीचं मी वाचीन." मी आजही सांगतो, ज्यांना कादंबऱ्या अखंड मिळाल्या त्यांना कादंबरी काय असते ते अर्धंच कळलं.

तर काकांच्या वेळी तिसरा भाग आमच्याच घरी होता. पिठाच्या डब्यावर. सुनंदा तो संपवता संपवत नव्हती. मी म्हटलं, मधल्या भागात असं काय असणार. दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर गेलो आणि एका गृहस्थाचं अख्खं मरण चुकवून बसलो. त्या दिवसापासून मी स्वतःला नियम घातला: रशीदभाईंकडे जाण्याआधी कादंबरी अख्खी आपण वाचायची. हा नियम पाळूनही पुढे एकदा मी पुरता फसलो. तीच गोष्ट सांगायची आहे.

त्याआधी निवडीबद्दल. लोकांना वाटतं, कादंबरी निवडणं म्हणजे चांगली-वाईट ठरवणं. चांगलं-वाईट सगळ्यात शेवटी येतं. आधी टाइप मोठा आहे का, हे पाहायचं. मग शिवण धागेवाली आहे की नुसती डिंकाने चिकटवलेली, कारण डिंकवालीचे भाग होत नाहीत, पानं होतात. मग बैठक कुणाकडे आहे. घरात नुकतं लग्न मोडलं असेल तर घटस्फोटाची कादंबरी पुढच्या महिन्यावर. मी दोन-तीन पुस्तकं पुढे ठेवायचो आणि ते घर त्यातलं एक निवडायचं. वरून लोकशाही, आतून माझी थोडी कारस्थानं.

आणि गिऱ्हाइकं. रामघाटावर पौरोहित्य करणारे एक गुरुजी आमचे सभासद होते. दिवसभर घाटावर पिंडदानं आणि अस्थिविसर्जनं चालवायचे. संध्याकाळी धोतराचा ओला काठ घेऊन यायचे, पुस्तक हातात घ्यायचे आणि विचारायचे, "यात कुणी जातं का?"

"एक आजी जातात. शेवटी."

"मग शेवटचा भाग माझ्याकडे पाठवू नका. दिवसभर तेच असतं, घरी तरी नको."

असे त्यांनी किती कादंबऱ्यांचे शेवट सोडले असतील. बैठकीला मात्र न चुकता यायचे आणि सगळी पात्रं अजून हयात असल्यासारखे बोलायचे. आमच्यात सर्वांत प्रसन्न वाचक तेच.

दातार वकिलांना उलट शेवटच लागायचा. "शेवट पटला पाहिजे," ते म्हणायचे, "नाहीतर अपील करू." आणि पुराणिकबाई. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. चर्चेत कुणी न वाचता बोललं की त्यांना लगेच कळायचं. त्या काही म्हणायच्या नाहीत, चष्म्यावरून पाहायच्या. काकांच्या दिवशी त्यांनी माझ्याकडे तसं पाहिलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हा दिवस बदलत होते. केबल आली होती, गल्लीत या गच्चीवरून त्या गच्चीवर तारा गेल्या होत्या. बँकवाल्यांच्या टेबलांवर कॉम्प्युटर बसत होते आणि बँकवाल्यांची मुलं तेच शिकून अमेरिकेला जात होती. बैठकीत पुस्तकाआधी दहा मिनिटं कुणाचा मुलगा कुठल्या गावी पोहोचला याची व्हायची. नावं सांगताना आईबापांची जीभ अडखळायची. पण सांगायचे.

फ्रीगंजात कापडाच्या दुकानावर चिटणीस राहायचे. दरबारी घराणं. घरात सर्वांत मोठ्या त्या जिजी. यजमान वारलेले, मोठा मुलगा श्रीकांत अमेरिकेत, धाकटा इथे वीजमंडळात. धाकट्याची बायको उषावहिनी आमच्या मंडळात. जिजी पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं तेव्हापासून त्यांची खाट खिडकीशी लावलेली होती. जवळचं अक्षरही दिसेनासं झालं होतं, म्हणून उषावहिनी दुपारी त्यांना कादंबरी मोठ्याने वाचून दाखवायच्या. जिजी जुन्या कानाच्या. ऐकलेलं सगळं लक्षात. बैठकीला येता यायचं नाही, पण त्यांची मतं वहिनींबरोबर यायची: "जिजी म्हणतात, नायकाला नोकरी लागली तेव्हाच गोष्ट संपली."

त्या महिन्याची बैठक चिटणिसांकडे होती. जिजींनी निरोप पाठवला होता: समुद्राचं काहीतरी द्या, मी समुद्र पाहिलेला नाही. म्हणून मी एक कोकणातली कादंबरी काढली. बंदराच्या गावातली म्हातारी आई. मुलगा केशव बोटीने गेलेला, "येतो" म्हणून अधूनमधून कळवणारा. आई दर संध्याकाळी माडाखाली कंदील लावते. मी ती नियमाप्रमाणे अखंड वाचली होती. समुद्र भरपूर होता. समुद्राच्या नादात मी मुलाकडे पाहिलंच नाही. म्हणजे पाहिलं, पण चिटणिसांच्या घरातला श्रीकांत मला त्यात दिसला नाही. एवढी कारस्थानं करणाऱ्याला ऐन वेळी हे सुचू नये.

रशीदभाईंच्या कृपेने तिसरा भाग असा संपत होता: "बोट धक्क्याला लागली. म्हातारीने कंदील वर धरला, आणि गर्दीतून"

पुठ्ठा.

तिसरा भाग फिरू लागला आणि वाचनालयाचा फोन थांबेना. गर्दीतून कोण? दातार म्हणाले, "केशव असेल तर लेखक बुद्दू आहे, नसेल तर निर्दयी आहे. कोण आहे सांगा." मी सांगितलं नाही. म्हटलं, चौथा भाग चिटणिसांकडून सुटला की वाचा. पण चौथा भाग सुटेना. फोन केला की उषावहिनी म्हणायच्या, "जिजींचं अजून व्हायचंय." असे बरेच दिवस गेले. चौथा भाग तसा छोटा होता.

एका दुपारी मी स्वतःच गेलो. बाहेरून जिना. वरचं दार उघडं, पडदा सोडलेला. आतून उषावहिनींचा वाचायचा आवाज येत होता, एकसारखा, स्वच्छ.

"गर्दीतून केशव पुढे आला. त्याच्या हातात पत्र्याची ट्रंक होती."

मी जिन्यावरच थबकलो. माझ्या आठवणीप्रमाणे गर्दीतून शेजारचा गणू येतो. कोळ्याचा पोरगा. म्हातारीला पाहून मान खाली घालतो. पण काकांच्या प्रकरणानंतर माझा माझ्यावर भरवसा उरला नव्हता. मला खरोखर वाटलं, मीच चौथा भाग वाचला नसणार.

"कोण आहे?" आतून जिजी.

"काळे."

"या, बसा. बोलू नका. केशव आलाय."

मी बसलो. उषावहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पार उतरला. मग त्यांनी पुन्हा पुस्तकात मान घातली. तेव्हा मला दिसलं. त्यांचे डोळे ओळींवरून सरकत नव्हते. एका जागी होते. बोट मात्र वेळच्या वेळी पान उलटत होतं.

केशव धक्क्यावरून बाहेर आला. पाय मोकळे केले. टेम्पो ठरवला, ट्रंक वर टाकली. वाटेत भूक लागली म्हणून उतरून पोहे खाल्ले, वर शेव, बाजूला जलेबी.

"कोकणात पोह्यांवर शेव घालतात?" जिजींनी विचारलं.

"घालत असतील. लिहिलंय इथे."

"लेखक आपल्याकडचा दिसतो."

मी उठायला हवं होतं. पुस्तक मागायला आलो होतो, ते घेऊन जायला हवं होतं. पण मला पुढे काय होतं ते ऐकायचं होतं. शेवट मला ठाऊक होता आणि तरी मी तिथे बसलो होतो, फोनवर "गर्दीतून कोण" विचारणाऱ्यांसारखा. केशव घरी पोहोचला. आईच्या पायाशी बसला. म्हणाला, आई, मी चुकलो. जिजी डोळे मिटून ऐकत होत्या.

निघताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या. "श्रीकांतदादा दर दिवाळीला येतो म्हणतात," त्या हळूच म्हणाल्या. "आधी दर रविवारी फोन यायचा. आता येतो कधीतरी. जिजींनी खाट मुद्दाम खिडकीशी लावून घेतलीय, टेम्पो थांबला की दिसावा म्हणून. मी आधी पुढची पानं चाळली होती, म्हणून इतके दिवस वाचायचं टाळत होते. त्यात म्हातारी जाते हो. मग केशव येतो, घर विकतो आणि परत जातो. आज वाचायला तोंड उघडलं आणि गर्दीतून केशवच उतरला. आता त्याला परत बोटीत कसा बसवू?"

"नका बसवू," मी म्हणालो.

"पण बैठक जिजींच्या खोलीत आहे. त्यांना उठवत नाही ना, म्हणून. आणि त्यांना शेवटावरच बोलायचंय. तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवाल?"

"काय सांगू?"

"केशव आला म्हणून."

मी जिना उतरलो. ग्रंथपालाचं काम पुस्तक आहे तसं वाचकाच्या हातात देणं. आम्ही ते चार तुकडे करून देत होतो ही गोष्ट वेगळी, पण चारही तुकडे खरे होते. आता एका तुकड्याबद्दल सगळ्या मंडळाला खोटं बोलायला लावायचं होतं. आणि न बोलावं तर खिडकीशी लावलेली ती खाट.

चौथा भाग सोडवून मी तो फिरवला. सगळ्यांनी खरा शेवट वाचला. गुरुजी सोडून. त्यांना मी सांगितलं की कुणी जातं, त्यांनी भाग हातातही धरला नाही. मग मी एकेकाला भेटलो.

दातारांनी ऐकून घेतलं आणि खुर्चीत पुढे सरकले. मला वाटलं, नाही म्हणणार. ते म्हणाले, "सगळ्यांची जबानी एक हवी. केशव कुठल्या वेळी उतरला?"

"संध्याकाळी. कंदील लागलाय ना."

"आणि पोहे? संध्याकाळी पोहे कोण खातं?"

"वकीलसाहेब, उज्जैनमध्ये कुणीही, कधीही."

"तो कोकणात आहे."

"उषावहिनींचा केशव उज्जैनमध्ये आहे."

दातारांनी खरंच बाकी सगळ्यांना आपल्या ऑफिसात बोलावून तयारी करून घेतली. ट्रंक पत्र्याची. टेम्पो. पोहे. आई, मी चुकलो. उलटतपासणीत कुणी घसरू नये म्हणून प्रश्न विचारले. आणि दुसऱ्या भागातल्या शिलाई मशीनचं पुढे काय झालं, ते या नव्या शेवटात येत नाही, ही त्रुटी आहे, असंही म्हणाले. खोट्या शेवटावर इतकी बारकाईने चर्चा झाली, तितकी आम्ही कुठल्या खऱ्यावर केली नव्हती.

पुराणिकबाई मात्र उठून उभ्या राहिल्या. "मी जन्मभर मुलींच्या कॉप्या पकडल्या. मी बैठकीला येईन. पण मी बोलणार नाही. आणि मला विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. ते आधीच सांगून ठेवते."

"तुम्हाला कुणी विचारणार नाही," दातार म्हणाले.

"जिजी विचारतील," बाई म्हणाल्या.

बैठकीच्या दिवशी जिजींना तीन उशा लावून बसतं केलं होतं. जरीकाठाचं पातळ, हातात रुमाल. आम्ही खाटेभोवती सतरंजीवर. सुनंदा माझ्या शेजारी. उषावहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या, आत येतही नव्हत्या आणि जातही नव्हत्या.

दातारांनी सुरुवात केली. शेवट अपरिहार्य आहे, कंदिलाच्या प्रतिमेची पूर्तता होते, असं काय काय. इतरांनी पढवल्याप्रमाणे साथ दिली. ट्रंक पत्र्याची होती हे तिघांनी सांगितलं, कुणी विचारलं नसताना. फक्त गुरुजी मनापासून बोलत होते. त्यांना बाकीच्यांकडून कळलं होतं की कुणी जात नाही, मुलगा येतो. ते माझ्यावर थोडे नाराज होते, की तुम्ही उगीच घाबरवलंत. "फार गोड शेवट," ते म्हणाले. "असं एखादं तरी असावं."

"झालं तुमचं?" जिजींनी विचारलं.

आम्ही थांबलो.

"मला शेवट पटला नाही."

दातारांनी माझ्याकडे पाहिलं. जबानीत हे नव्हतं.

"मुलगा आला, ठीक आहे. येतात. पण आल्या आल्या आई मी चुकलो? असं थोडीच असतं. इतकी वर्षं न आलेला माणूस तोंड कसं उघडणार हे त्यालाच कळत नाही. तो आधी ट्रंक कुठे ठेवू विचारेल. नळाला पाणी येतं का विचारेल. आई म्हणेल, एक दिवसाआड येतं. मग बसतील दोघं. चुकलो-बिकलो तर राहूनच जाईल."

"मग कसा हवा होता शेवट?" मी विचारलं. विचारून चुकलो असं वाटलं, पण मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"यायलाच नको होता. तिची तयारी झालेली होती. तिसऱ्या भागात ती माडाचा पाचोळा गोळा करते, तेव्हाच कळतं. ती नुसती सवयीने कंदील लावतेय. लेखकच घाबरला." त्यांनी मान वळवली. "पुराणिकबाई, तुम्ही काही बोलला नाहीत. लेखक घाबरला की नाही?"

दातारांनी डोळे मिटून घेतले.

पुराणिकबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "नाही, जिजी," त्या म्हणाल्या. "घाबरला नाही. त्याला तिची माया आली."

जिजी जरा वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. खाली एक टेम्पो थांबला, गठ्ठे उतरवले, गेला.

"माया आली असेल," त्या म्हणाल्या. "पण मग तिला विचारायचं होतं."

मग जिजी म्हणाल्या, "उषा, चहा निवतोय. आण आत." आणि चहा सगळ्यांच्या हातात गेल्यावर, माझ्याकडे वळून, "काळे, चौथा भाग इथेच ठेवून जा. उद्यापासून उषा मला परत वाचून दाखवेल. या वेळी सावकाश."

त्यांना काय ठाऊक होतं, केव्हापासून, हे मी कधी विचारलं नाही. ग्रंथपालाने वाचकाला विचारायच्या आणि न विचारायच्या गोष्टी असतात.

काही दिवसांनी चौथा भाग आणायला गेलो. उषावहिनी म्हणाल्या, "वाचला सगळा. जसा आहे तसा." आवाज बसलेला होता, पण चेहरा मोकळा होता.

जिजींना विचारलं, कसा वाटला? "हा बरा आहे," त्या म्हणाल्या. "तिने कंदील आत घेतला ते मला आवडलं. केवढं तेल जळत होतं. पण घर विकताना तिचे पितळेचे डबे त्याने कुणाला दिले, ते लिहिलेलं नाही. ते लिहायला पाहिजे होतं." आणि मग, "समुद्र छान आहे."

खाट तेव्हा खिडकीपासून हलवलेली होती. खिडकीतून ऊन येतं, असं कारण सांगितलं. पुढच्या वेळी श्रीकांतचा फोन आला तेव्हा जिजींनी टेलिफोनची तार लांब करून तो खाटेवर मागवला आणि म्हणाल्या, "येतो-येतो म्हणू नकोस. यायचं तेव्हा ये. नुसतं बोल." मग तो पुष्कळ वेळ बोलला, असं वहिनींनी सांगितलं. कशावर? तिकडे घरासमोरचा बर्फ फावड्याने काढावा लागतो, यावर.

आमचं मंडळ त्यानंतर काही वर्षं चाललं. मग लोक पुण्याला मुलांकडे गेले, काही इंदूरला. कादंबऱ्या स्वस्त झाल्या नाहीत, पण आणणारी माणसं वाढली, ज्याची त्याची प्रत झाली. रशीदभाईंकडे आता लग्नपत्रिका असतात. वाचनालयात एका कपाटात आमचे खाकी भाग आहेत, अजून चार-चार. नवा कुणी आला की एक भाग उचलतो आणि विचारतो, बाकीचं पुस्तक कुठाय. चांगली पुस्तकं कापली, याचं मला वाईट वाटतं. पण ती कापली नसती तर आम्ही एकमेकांच्या घरी इतके गेलो नसतो, हेही खरं.

आणि श्रीकांत आला. त्या बैठकीनंतरच्या उन्हाळ्यात, न कळवता. दोन मोठ्या सूटकेसा घेऊन टेम्पोतून उतरला. जिना चढला, पडदा सारला, आईकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मग उषावहिनींकडे वळून विचारलं, "नळाला पाणी आहे का? हात धुतो."

जिजी हसायला लागल्या. खोकला लागेपर्यंत हसत होत्या. श्रीकांतला काही कळेना. "एक दिवसाआड येतं," त्या म्हणाल्या. "बादलीत आहे, घे."

वहिनींनी हे मला वाचनालयात येऊन सांगितलं आणि मी घरी येऊन सुनंदाला. ती पोळ्या लाटत होती. मी सगळं नीट सांगितलं, बादलीसकट. तिने लाटणं थांबवलं नाही. पोळी तव्यावर टाकली, उलटली, फुगू दिली.

मग म्हणाली, "खरं सांगू? त्या दिवशी काकांवरून मी तुम्हाला हसले. पण तिसरा भाग वाचून मी दोन दिवस धड जेवले नव्हते. तुमचेच काका बरे होते. नुसते उठून निघून गेलेले. अशी माणसं परत तरी येतात."